दुचाकी, पायडल आणि पाव

‘दुचाकी’ हा शब्द कुणीतरी ‘बायसिकल’ समोर ठेवून बनवला असणार, हे उघड दिसतं. ‘बाय’ म्हणजे दोन, ‘सायकल’ म्हणजे चाक, म्हणून दुचाकी. भाषांतर म्हणून त्यात खोट काढायला जागा नाही. पण दोन्ही शब्दांच्या मुळाशी गेलं, की भाषांतर करणाऱ्याच्या हातून नकळत काय घडलं ते कळतं. त्याने तोच शब्द दुसऱ्यांदा लिहिला होता.

फ्रेंचांनी १८६०च्या दशकात ‘बिसिक्ल’ हा शब्द जुळवला, तेव्हा त्यातला ‘बि’ लॅटिनमधून घेतला आणि ‘किक्लोस’ ग्रीकमधून. लॅटिनचा हा ‘बि’ आणि संस्कृतचा ‘द्वि’ मुळात एकच. आपल्याकडे ‘द्वि’चा ‘दु’ झाला, तिकडे ‘बि’. आणि ग्रीक ‘किक्लोस’ हा संस्कृत ‘चक्र’चा सख्खा भाऊ. दोन्ही शब्द ‘फिरणे’ या अर्थाच्या एका प्राचीन धातूची द्विरुक्ती होऊन तयार झाले. ‘चक्र’मधला च आणि क एकापाठोपाठ उच्चारले, की ती द्विरुक्ती अजून ऐकू येते. प्राकृतात ‘चक्र’चा ‘चक्क’ झाला आणि मराठीत ‘चाक’. इंग्रजी ‘व्हील’ही त्याच घराण्यातला. म्हणजे ‘दु’ आणि ‘बाय’ एक, ‘चाक’ आणि ‘सायकल’ एक. हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन भाषांनी आपापल्या घरातले तेच दोन तुकडे काढून तीच वस्तू घडवली.

पुढे ‘दुचाकी’ सायकलीच्या हातून गेली. आज वर्तमानपत्रात ‘दुचाकीस्वार जखमी’ असं वाचलं की डोळ्यांपुढे स्कूटर किंवा मोटारसायकल येते. ‘पायगाडी’ हा दुसरा छान शब्द कोशात जाऊन बसला. उरली ती सायकल. हा परका शब्द आपण निमूटपणे स्वीकारला याची हळहळ मी अनेकदा ऐकली आहे. मला ती वाटत नाही. ‘सायकलचं चाक’ म्हणताना आपण एकाच शब्दाची दोन रूपं शेजारीशेजारी बसवतो आणि दोन्ही आपलीच असतात.

चाकाच्या आत शिरलं की ही भाऊबंदकी आणखी दाट होते. बैलगाडीच्या चाकाला आरे असतात, मधून आस जातो आणि बाहेरून लोखंडी धाव चढवलेली असते. ‘आस’ हा संस्कृत ‘अक्ष’. लॅटिनचा ‘ॲक्सिस’ आणि इंग्रजीचा ‘ॲक्सल’ त्याच्याच कुळातले. ‘आरा’ तर ऋग्वेदातल्या ‘अर’ या शब्दापासून जवळजवळ न बदलता चालत आला आहे. ‘धाव’ मला सर्वांत आवडते. इंग्रजीतल्या ‘टायर’मागे पोशाख या अर्थाचा ‘अटायर’ हा शब्द असल्याचं कोशकार सांगतात. चाकाला घातलेले कपडे, अशी ती कल्पना. मराठीने चाकाच्या त्याच कडेला धावण्याचं नाव दिलं. पोशाखापेक्षा हे नाव चाकाला अधिक शोभतं.

मग सायकलच्या दुकानात आरे का ऐकू येत नाहीत? तिथे ‘स्पोक’ म्हणतात किंवा सरळ ‘तारा’ म्हणतात. ‘तारा’ हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला, त्याला यंत्र नेमकं कळलं होतं. बैलगाडीचा आरा खांबासारखा काम करतो. आसावरचं वजन तो जमिनीच्या बाजूने पेलतो, त्यात दाबला जातो. सायकलची बारीक तार असा दाब सोसूच शकत नाही, ती वाकेल. ती फक्त ताणात काम करते. सगळ्या तारा आधीपासून ताणून बसवलेल्या असतात आणि त्या ताणाच्या जोरावर चाक उभं राहतं. पॅरिसच्या युजीन मेयरने १८६९ साली अशा ताणलेल्या तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं. १८७४ साली इंग्लंडमधल्या जेम्स स्टार्लीने त्या तारा मधल्या हबला तिरप्या, स्पर्शिकेच्या रेषेत जोडल्या. त्यामुळे पायडलचा पीळ तारांना झेपू लागला. काळ्या रोडस्टर सायकलीच्या पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० तारा असायच्या, कारण बसणाऱ्याचं आणि कॅरिअरवरच्या पोत्याचं वजन मागे पडतं. या तारांपैकी एखादी सैल झाली की रिम डोलू लागते, ब्रेकला घासते. मग चाक उलटं टांगून, तारांची बोंडं चावीने एकेक पाव फेरा फिरवून ते सरळ करायचं. या कामाला मराठीत ‘आउट काढणे’ म्हणतात.

या ‘काढणे’वर क्षणभर थांबायला हवं. पंक्चरही आपण काढतो. भोक बुजवणं, ठिगळ लावणं, दुरुस्त करणं यांपैकी कोणतंही क्रियापद मराठी माणसाने तिथे वापरलं नाही. पायातला काटा काढावा, विहिरीतला गाळ काढावा, घरातली पीडा काढावी, तसं चाकातलं पंक्चर काढायचं आणि आउटही काढायचा. दोष ही बाहेरून आत शिरलेली गोष्ट आहे, ती काढून टाकली की वस्तू मूळची चांगलीच असते, असा विश्वास या क्रियापदात आहे. पोलादी सायकलीच्या बाबतीत तो विश्वास खराही ठरतो. वाकलेला चिमटा सरळ होतो, तुटलेला सांधा पुन्हा जोडता येतो, झिजलेले छर्रे बदलता येतात.

दुकानाच्या पाटीवरचा ‘ओव्हरऑइलिंग’ हा शब्द पाहून शिकलेली माणसं तो लगेच दुरुस्त करायला धावतात. मूळ शब्द ‘ओव्हरहॉल’, आणि तोही सायकलचा नाही. तो खलाशांचा. दोर उलट्या दिशेने ओढून सैल करणं, तपासणं, असा त्याचा अर्थ होता. मुंबईच्या बंदरावर तो चालला असता. पुण्या-साताऱ्याच्या सायकलवाल्याला दोराशी काय करायचं? त्याच्यापुढे होती सगळी सुटी केलेली सायकल, रॉकेलने धुतलेले छर्रे, नवं ग्रीस आणि सगळीकडे सोडलेलं तेल. त्याच्या कानाने ‘हॉल’मध्ये ‘ऑइल’ ऐकलं, आणि शब्दाला त्याच्या कामाचा अर्थ मिळाला. लोकव्युत्पत्ती म्हणतात ती हीच. पंडितांच्या लेखी ती चूक असते. पण शब्द रुजतो तो अशाच ठिकाणी.

‘पायडल’मध्ये मात्र ही लोकव्युत्पत्ती पंडितांच्याही पुढे गेली. इंग्रजी ‘पेडल’ मराठी तोंडात आला आणि त्यात पाय शिरला. पायाने मारायचं ते पायडल, इतकं ते सरळ. आणि ते बरोबर आहे! ‘पेडल’च्या मुळाशी लॅटिन ‘पेस’, त्याचंच रूप ‘पेदिस’, म्हणजे पाऊल. संस्कृत ‘पाद’ त्याचा भाऊ आणि मराठी ‘पाय’ हा ‘पाद’चा मुलगा. ज्याने कोश उघडला नाही, लॅटिनचं नाव ऐकलं नाही, त्याने कानाच्या भरवशावर शब्दात जो अवयव बसवला, तो तिथे मुळातच होता.

या यंत्राच्या जुन्या नावांतही हा पाय सारखा डोकावतो. जर्मनीतल्या मानहाइमच्या कार्ल ड्राइसने १८१७ साली दोन चाकांची जी लाकडी गाडी केली, तिला पायडल नव्हतं. बसणारा जमिनीवर पाय मारत ती पळवायचा. फ्रेंचांनी तिचं नाव ‘वेलोसिपेद’ ठेवलं, म्हणजे चपळपाय. पुढे १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकालाच पायडलं बसवली गेली आणि पाय जमिनीवरून उचलले गेले. नावात पाय होताच, आता यंत्रातही त्याला जागा मिळाली.

आता सांगाड्याकडे येऊ. सायकल पोलादाची असते असं आपण म्हणतो. ‘पोलाद’ फारसीतून आलं. ‘लोखंड’ मात्र इथलं, ‘लोहखंड’ झिजून झालेलं. जुन्या मराठीत पोलादाला ‘तिखे’ असाही एक शब्द होता. रसशास्त्रात लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे प्रकार सांगितले आहेत, त्यातल्या ‘तीक्ष्ण’चा हा वंशज. ज्याला धार येते ते तिखे. मिरचीच्या तिखटाशी त्याचं नातं आहेच. हा शब्द विस्मरणात गेला याचं मला खरंच वाईट वाटतं.

चांगल्या पोलादी सायकलीचं मर्म तिच्या नळीत असतं. भरीव वाटणारी ती नळी आतून सगळीकडे सारख्या जाडीची नसते. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स या खिळे बनवणाऱ्या घराण्याने १८९७ साली एक पेटंट घेतलं. बाहेरून नळी एकसारखी, पण आतून टोकांना जाड आणि मध्ये पातळ. पुढच्या काळातल्या एका नेहमीच्या मापात टोकाला ०.९ मिलिमीटर आणि मध्ये ०.६ मिलिमीटर अशी भिंत असे. नळ्या जिथे जोडल्या जातात तिथे ताप आणि ताण दोन्ही जास्त, म्हणून जाडी तिथे. मध्ये ताण कमी, म्हणून तिथलं वजन काढून टाकलं, आणि त्याच पातळपणामुळे सायकलीला थोडी लवचीकता आली. १९३५ साली याच कंपनीने मँगनीज आणि मॉलिब्डेनम असलेल्या पोलादाची ‘५३१’ ही नळी काढली. पुढची चाळीसेक वर्षं उत्तम सायकलीच्या सांगाड्यावर तिचं हिरवं-सोनेरी चिकटपत्र अभिमानाने मिरवलं गेलं.

इंग्रजीत अशा नळीला ‘बटेड’ म्हणतात. ‘बट’ म्हणजे एखाद्या वस्तूचं जाड टोक, बंदुकीचा दस्ता असतो तसं. मराठीत याला तयार शब्द आहे, ‘बुडखा’. उसाचा बुडखा, झाडाचा बुडखा. दोन्ही टोकांना बुडखा असलेली नळी म्हटलं, की शेतकऱ्याच्या पोराला आकृती काढून दाखवायची गरज उरत नाही.

या नळ्या जोडायला सांध्यावर एक पोकळ, कोरीव तुकडा बसवतात. त्याला ‘लग’ म्हणतात. हौशी लोक सायकलीची पारख करतात ती या लगांच्या नक्षीवरून. कुठे टोकदार, कुठे पानासारखे, कुठे कानशीने घासून कागदासारखे पातळ केलेले. स्कॉटलंडच्या बोलीत ‘लग’ म्हणजे कान. सुरईचा कान, टोपीचा कान, आणि तिथून यंत्राचा पुढे आलेला कोणताही भाग. आपणही कढईच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांना कानच म्हणतो.

आणि ज्या कृतीने नळी या कानात पक्की होते, तिला मराठी शब्द आहे ‘झाळणे’. तांबट, सोनार, कल्हईवाले यांना तो चांगला माहीत. आजकाल सगळ्यालाच ‘वेल्डिंग’ म्हणून मोकळं होतात, ते मला खटकतं, कारण दोन्ही क्रिया निराळ्या आहेत. वेल्डिंगमध्ये जोडायचे दोन्ही तुकडे स्वतः वितळून एकमेकांत मिसळतात. ‘वेल्ड’ शब्दाच्या मुळाशीही उकळण्याचाच अर्थ आहे. झाळताना नळी वितळत नाही. ती तापून लाल होते, आणि तिसराच धातू, पितळ किंवा चांदीचा मिश्रधातू, वितळून नळी आणि लग यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत आपोआप ओढला जातो. पितळेला साधारण ९०० अंश सेल्सिअसची उष्णता लागते, चांदीच्या मिश्रधातूला त्याहून बरीच कमी. पातळ नळीला जास्त ताप दिला की तिचा कस जातो, म्हणून उत्तम कारागीर चांदी पसंत करतो. ‘झाळणे’ म्हणताना त्यात जाळही ऐकू येतो आणि झळही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला हा शब्द सायकल घडवणाऱ्यांनी उचलावा, तो त्यांच्या कामाचाच आहे.

पॅरिसजवळच्या लव्हाल्वा-पेरे इथे रने एर्स आणि अलेक्स सिंगर यांची सायकलची दुकानं होती. सिंगरचं १९३८ साली सुरू झालं, एर्सचं त्यानंतर लगेच. ही मंडळी स्वतःला सायकलविक्रेते म्हणवत नसत. त्यांची पदवी ‘कॉन्स्त्रुक्तर’, म्हणजे बांधकाम करणारा. सांगाडा, कॅरिअर, मडगार्ड, दिव्याची बैठक, दिव्याची नळीतून नेलेली वायर, हे सगळं एकाच डोक्यातून निघालेलं आणि एकाच सायकलीसाठी बनवलेलं. शर्यतीच्या सायकलीवरून या गोष्टी उतरवल्या गेल्या, आणि त्या जुनाट समजल्या जाऊ लागल्या. आपल्या रोडस्टरने मात्र स्टँड, कॅरिअर, मडगार्ड, डायनामो यांची साथ सोडली नाही. लांब जाणाऱ्याला चिखल, रात्र आणि ओझं यांना तोंड द्यावंच लागतं, मग तो ब्रिटनीत असो की बीडमध्ये.

बसायच्या जागेला आपण ‘सीट’ म्हणतो. खोगीर कुणीच म्हणत नाही. पण बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रूक्सने १८८२ साली ज्या कातडी बैठकीचं पेटंट घेतलं, तिला ‘खोगीर’ हा शब्द अक्षरशः लागू पडतो. फारसीत ‘खूगीर’ म्हणजे घाम टिपणारं. घोड्याच्या पाठीवरचा तो जाड थर घाम शोषतो म्हणून त्याचं हे नाव. ब्रूक्सचं जाड कातडं बसणाऱ्याचा घाम आणि भार घेत घेत हळूहळू त्याच्या हाडांचा आकार धरतं. पहिले काही दिवस ते छळतं, नंतर ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं राहत नाही.

आता सामानाच्या पिशव्या. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लटकणाऱ्या पिशव्यांना सायकलवाले ‘पॅनिअर’ म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंच ‘पानिये’वरून आला आणि तो लॅटिन ‘पानारियुम’वरून. अर्थ, पावाची टोपली. लॅटिनमध्ये ‘पानिस’ म्हणजे पाव. आणि आपला ‘पाव’ कुठून आला? पोर्तुगीज ‘पांव’वरून, जो त्याच ‘पानिस’चा नातू. सायकलच्या पिशवीत आणि वडापावात एकच शब्द आहे.

पाव पायाने तुडवून करतात म्हणून त्याला पाव म्हणतात, ही गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. ती खरी नाही. गंमत अशी की मराठीतला दुसरा ‘पाव’, चौथा भाग या अर्थाचा, तो मात्र खरोखर पायावरून आला आहे. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चतुर्थांश. संस्कृत ‘पाद’, त्याचा ‘पाव’. म्हणजे तो पायडलचा नातलग. ‘पाव किलो पाव द्या’ म्हणताना पहिला पाव पायडलच्या घरचा आणि दुसरा पॅनिअरच्या. दोन पूर्ण वेगळ्या वाटांनी आलेले शब्द मराठीत एकसारखे होऊन भेटले.

आणि गोव्यात हे सगळं रोज पहाटे रस्त्यावर उतरतं. पाव भाजणारा आणि विकणारा तो पोदेर. हा पोर्तुगीज ‘पादेइरो’, त्याच्याही मुळाशी ‘पानिस’च. भोंगा वाजवत तो सायकलवरून येतो, आणि कॅरिअरवर असते पावांनी भरलेली मोठी टोपली. जगभर हौशी लोक महागड्या जलरोधक पिशव्यांना पॅनिअर म्हणतात, त्यात तंबू आणि रेनकोट भरतात. शब्दाच्या मूळ अर्थाने पॅनिअर वाहणारा सायकलस्वार शोधायचा तर तो म्हापशाला किंवा मडगावला सापडेल, पाव नेणारा, पावाच्याच नावाचा माणूस, पोलादी सायकलवर.

ओझं बांधलं, की निघायचं. ‘प्रवास’ या शब्दात हालचाल नाहीच. ‘वस्’ म्हणजे राहणे, आणि प्रवास म्हणजे घरापासून लांब राहणे. मुंबईहून १९२३ साली सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ साली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परत आले. त्यांच्या बाबतीत ‘प्रवास’चा जुना अर्थ पुरेपूर लागू पडतो. ‘टूर’ निराळी. तिच्या मुळाशी ग्रीक ‘तोर्नोस’, कातारी काम करणाऱ्याचं फिरतं यंत्र. टूर म्हणजे गोल फिरून निघाल्या जागी येणं, म्हणजे फेरी.

फेरीत घाट आला की गिअर लागतात. साखळी एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर ढकलणारा जो भाग असतो, त्याचं फ्रेंच नाव ‘देरायर’, म्हणजे रुळावरून घसरवणारा. आपल्याकडे साखळी दात्यांवरून सुटली की ‘चेन उतरली’ म्हणतात, आणि तो त्रास समजला जातो. फ्रेंचांनी त्याच उतरण्याला शिस्त लावून यंत्र केलं. तूर द फ्रान्सच्या आयोजकांना ते पसंत नव्हतं. स्वाराने स्वतःच्या दमावरच डोंगर चढावा असं त्यांचं म्हणणं. १९३७ सालापर्यंत तिथे देरायरला बंदी होती, तोवर हौशी फिरस्ते ते निवांत वापरत होते.

त्या फिरस्त्यांचं नाव ‘रांदोनर’. जुन्या फ्रेंचमध्ये ‘रांदों’ म्हणजे बेफाम धाव. इंग्रजी ‘रँडम’ त्याचाच भाऊ, मनाला येईल तिकडे सुटलेला. शिकारीच्या भाषेत ‘रांदोने’ म्हणजे उठवलेल्या जनावराने आपल्या जागेभोवती मारलेली फेरी. तिथून तो लांबच्या पायी किंवा सायकल फेरीला लागला. १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत झाली. शार्ल तेरों सुमारे ७१ तासांत परतला. आज हीच वाट दर चार वर्षांनी, शर्यतीविना, ९० तासांच्या मुदतीत हजारो लोक पुरी करतात. तिथे जाण्याआधी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ पार कराव्या लागतात. ‘ब्रेव्हे’ म्हणजे छोटं पत्र, दाखला. मुंबई, पुणे, नाशिक इथे या फेऱ्या नियमित होतात. स्वार त्यांना ‘बीआरएम’ म्हणतात आणि ‘दोनशे मारली’, ‘तीनशे मारली’ असं सांगतात. सायकल मराठीत मारलीच जाते, तशी बीआरएमही.

पण ठरलेल्या काळाने, ठरलेल्या वाटेने, पुन्हापुन्हा करायच्या फेरीला मराठीत जुनाच शब्द आहे, आणि सायकलवाल्यांनी तो आपणहून उचलला आहे. आषाढीच्या आधी नाशिकहून सायकली पंढरपूरला निघतात, तिला ते ‘सायकलवारी’ म्हणतात. त्यातल्या ‘सायकल’लाही फिरणं ठाऊक आहे आणि ‘वारी’लाही. ‘टूर’ला मराठी प्रतिशब्द सुचवणाऱ्या समित्यांनी तो या वारकऱ्यांकडून घ्यावा.